एकसष्ट किलोचा वारा

ढवणकाका आमच्याकडे जेवायला येतात ते स्वतःचा वजनकाटा घेऊन.

पहिल्यांदा आले तेव्हा कापडी पिशवीतून काहीतरी चपटं निघताना दिसलं. मला वाटलं, मिठाईचा खोका. मी आपली "कशाला आणायचं काका, घरचेच की तुम्ही" म्हणत हात पुढे केला. ते म्हणाले, "थांब, आधी फरशी बघू दे." खिशातून एक गोटी काढून हॉलमधल्या फरशीवर ठेवली. गोटी टीव्हीकडे घरंगळत गेली. दुसऱ्या फरशीवर ठेवली तर बाल्कनीकडे निघाली. सोफ्याजवळच्या फरशीवर मात्र ती जागच्या जागी राहिली. तिथे काकांनी काटा मांडला, चपला काढल्या, वर उभे राहिले आणि म्हणाले, "साठ आठशे. सकाळपर्यंत दोनशे टिकले पाहिजेत. त्या अंदाजानं वाढ."

जेवण झाल्यावर पुन्हा उभे राहिले. आकडा बघून समाधानानं मान हलवली, काटा पिशवीत घातला आणि मग बडीशेप घेतली. बडीशेपेचं वजन ते धरत नाहीत, एवढी मोकळीक आहे.

आमची ईरा दहावीत आहे. मराठी सगळं समजतं, पण तोंडातून हिंदीच येतं. ती माझ्या कानाशी म्हणाली, "मम्मा, ये अंकल खाना खाने आए हैं या कूरियर होने?" मी तिच्यावर डोळे वटारले. पण खरं सांगायचं तर प्रश्न मलाही तोच पडला होता.

आता तुम्ही म्हणाल, माणूस विक्षिप्त दिसतो. आहेच. पण काकांचं वजन ही त्यांची एकट्याची गोष्ट नाही. त्यावर एक मुलगी छतापर्यंत जाते.

त्याचं असं आहे. चंदीगडात एक नाटक मंडळी आहे. त्यांचा खेळ माती, पाणी, आग, वारा, आकाश यांच्यावर. संवाद एकही नाही. माणसं उलटीपालटी होतात, एकमेकांच्या खांद्यावर चढतात, कापडाला लोंबकळतात आणि बाजूला सात-आठ जण ढोल, नगारे, घागरी घेऊन वाजवत असतात. माती म्हणजे सगळे लोळतात. पाणी म्हणजे निळं कापड आणि घागरींचा घुमणारा आवाज. आग म्हणजे बल्ली नावाचा सहा फुटी सरदार ढोल घेऊन मधोमध येतो आणि पुढच्या रांगेतली पोरं आईच्या मांडीवर चढून बसतात. मग सगळं शांत होतं आणि वारा येतो.

वारा म्हणजे सिमरन. चंदीगडजवळच्या खरड गावात मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहते, हसरी पोरगी आहे. पांढऱ्या कपड्यात नुसती उभी असते. ढोल हलकेच सुरू होतो आणि ती वर जायला लागते. उडी नाही, धडपड नाही. दुधावरची साय चमच्यानं उचलावी तशी अलगद वर जाते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

ती वर का जाते? कारण काळ्या पडद्यामागे त्याच वेळी ढवणकाका खाली येतात. एकच दोर, वरती कप्पी, एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला हे. काका शिडीवरून फळीवर चढतात, दोर कमरेच्या पट्ट्यात अडकवतात आणि ढोलाची खूण मिळाली की फळीवरून पाय सोडतात. सिमरन अठ्ठावन्न किलो. काका एकसष्ट. "तीनचा फरक लागतो," ते सांगतात. "दोन झाला तर पोरगी जागची हलत नाही. चार झाला तर कप्पीवर डोकं आपटेल."

काका मूळचे कराडचे. मी सांगलीची, त्यामुळे पहिल्या दिवसापासून पटलं. दोघंही समोरच्याला न विचारता सल्ला देतो. काकांची नोकरी इंडस्ट्रियल एरियात, चेनपुल्या बनवणाऱ्या कारखान्यात. हुक, साखळ्या, कप्प्या यांना वजन लटकवून बघायचं आणि टिकलं तर शिक्का मारायचा, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. नाटकवाले कप्पी मागायला आले तेव्हा काकांनी विचारलं, "क्या उठाना है?" ते म्हणाले, "लड़की." काकांनी कप्पी परत कपाटात ठेवली आणि आधी जागा दाखवा म्हणाले. तिथे दोराच्या दुसऱ्या टोकाला वाळूची पोती बांधलेली बघून त्यांचं डोकं फिरलं. वाळूला काय कळतंय कुठं थांबायचं ते, म्हणाले. मग कुणीतरी हिशोब केला, एकसष्ट किलोचा माणूस पाहिजे. काका काट्यावर उभे राहिले, एकसष्ट भरले आणि सहा वर्षं झाली तरी तिथेच आहेत.

मी एकदा विचारलं, तुम्हाला एवढी काय गोडी त्यात? प्रेक्षकांना तुम्ही दिसत नाही, शेवटी सगळे वाकून नमस्कार करतात तेव्हाही तुम्ही मागेच. ते म्हणाले, "तीस वर्षं लोखंड उचललं, सुजाता. लोखंड वर जाऊन कधी हसलं नाही."

"मोजा, मग बोला" हे काकांचं पालुपद. अपनी मंडीत, म्हणजे इथल्या भाजीबाजारात, फ्लॉवरचा गड्डा हातात घेऊन "सातशे वीस" म्हणतात आणि भाजीवाला मुकाट्यानं तेवढंच मानतो. मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाचे मोदक लहान झाले की मोठे, यावर दोन बायकांची जुंपली, तेव्हा काकांनी गेल्या वर्षीचं मोदकाचं वजन तोंडपाठ सांगितलं. दोघीही गप्प झाल्या आणि दोघीही त्यांच्यावर चिडल्या. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण तर त्यांनी काट्यावर सिद्ध केलीय. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळं. उपवासाला सातशे ग्रॅम वाढतात. म्हणून प्रयोगाच्या आठवड्यात ते एकादशी करत नाहीत. पांडुरंगाला कारण माहीत आहे म्हणतात.

रोज सकाळी ते सिमरनला फोन करतात. एकदा मंडळाच्या बैठकीत फोन चुकून मोठ्या आवाजावर लागला आणि सगळ्यांसमोर काकांनी विचारलं, "बेटा, आज कितना भरा?" पलीकडून पोरगी म्हणाली, "अट्ठावन, अंकल जी. कसम से." "मोमो खाया?" "दो प्लेट." "झूठ नहीं बोला, अच्छा किया. शाम को दौड़ना." सगळ्या बायका काकांकडे बघत राहिल्या. सुनंदाकाकू तेवढ्या पदराआड हसत होत्या.

सुनंदाकाकू म्हणजे काकांची बायको. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. काकूंना काटा लागायचा नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून नवऱ्याकडे खालून वर एकदा बघायच्या आणि म्हणायच्या, "तीनशे जास्त आहात. आज दीडच भाकरी." काका काट्यावर उभे राहायचे आणि आकडा तोच निघायचा. काका चिडायचे. एवढा महागाचा काटा आणलाय तो कशाला, म्हणायचे. काकू म्हणायच्या, "माझी खात्री करायला."

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी काकू गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं आणि पाच दिवसांत संपलं. काका रडले नाहीत. तेराव्याला मला म्हणाले, "भाकरी जमते मला. अगदी गोल नाही, पण जमते." त्यानंतर महिन्याभरानं ते पहिल्यांदा काटा घेऊन आमच्याकडे आले. मग दर रविवारी येऊ लागले. अजित, माझा नवरा, केंद्र सरकारच्या कचेरीत आहे, बदल्यांमुळे त्याला माणसं पटकन जोडायची सवय. तो म्हणाला, येऊ देत, चांगली करमणूक आहे. मलाही तसंच वाटायचं. तेव्हा मी त्यापुढे विचार केला नाही, हे कबूल करते.

खरं तर खुणा समोर होत्या. काका एक काळं बिनबाह्यांचं जाकीट घालायला लागले होते. थंडीत ठीक आहे, पण फाल्गुनात आम्ही पंखे लावले तरी जाकीट अंगावरच. "इथली थंडी हाडात बसते," म्हणायचे. काट्यावर उभं राहताना चपला काढायचे, चष्मा काढायचे, जाकीट कधी काढायचे नाहीत. सोफ्यावर बसले की खुळखुळ आवाज यायचा. मला वाटायचं, कारखान्याच्या किल्ल्या असतील. आणि मी एवढी शहाणी की गालफडं बसलेला माणूस समोर असून काट्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवत होते.

नाटकाच्या मॅडमना मात्र शंका आली होती. त्या म्हणाल्या होत्या, "अंकल जी, आप दुबले लग रहे हो. वज़न गिरा तो मोटर पक्की." पंचकुल्याहून एक माणूस येऊन मोटारीसाठी मोजमाप करूनही गेला होता. काकांनी हे आम्हाला जेवता जेवता सांगितलं. "मोटारीनं पोरगी लिफ्टसारखी वर जाईल," म्हणाले. "वाऱ्यासारखी नाही." मग भात कालवत राहिले, पण खाल्ला नाही.

पाडवा रविवारी आला आणि त्याच संध्याकाळी साडेसहाला प्रयोग होता. काकांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "दोन पुऱ्या, चमचाभर श्रीखंड. जास्त नाही. पाच वाजता मॅडम वजन करतात." मी हो म्हणाले. पण पाडव्याच्या दिवशी घरी जेवायला बसलेल्या माणसाला दोन पुऱ्या वाढून गप्प बसायचं हे माझ्या आईनं मला शिकवलेलं नाही. गूळकडुलिंब झालं, पुऱ्या टम्म फुगत होत्या आणि श्रीखंड मी स्वतः चक्का टांगून केलं होतं. "काका, एवढी एकच." "काका, माझ्यासाठी." "काका, सणाला ताट असं मोकळं ठेवू नये." आग्रह करायला लागले की माझी जीभ थांबत नाही. काका नको नको म्हणत सात पुऱ्या आणि तीन वाट्या श्रीखंड जेवले. खाताना त्यांचे डोळे मिटत होते. मी अगदी खूश.

मग ते काट्यावर उभे राहिले. एकसष्ट नऊशे.

काकांचा चेहरा उतरला. "नऊशे जास्त," म्हणाले आणि तडक बाथरूममध्ये गेले. एकसष्टाच्या वर आकडा ठेवून घराबाहेर पडणं त्यांच्या स्वभावातच नाही. पाच मिनिटांनी बाहेर आले, काट्यावर उभे राहिले. बरोबर एकसष्ट.

अजित बघतच राहिला. "काका, पाच मिनिटांत नऊशे ग्रॅम?" काका म्हणाले, "होतं असं कधी कधी," आणि आमच्याकडे न बघता पिशवी उचलून निघून गेले. संध्याकाळच्या खेळाला आम्ही जाणारच होतो. अजित तासभर तोच विचार करत होता. शेवटी म्हणाला, हे वैद्यकशास्त्रात बसत नाही.

चार वाजता ईरा तोंड धुवायला गेली आणि ओरडली, "मम्मा, ये क्या है?" बाथरूमच्या खिडकीत, साबणाच्या बाजूला, लोखंडी साखळीच्या तीन सुट्या कड्या होत्या. चांगल्या जाड. मी एक उचलली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. तीनशे ग्रॅम. तीन कड्या, नऊशे.

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. म्हणजे जाकिटात लोखंड आहे. म्हणजे दर रविवारी आम्ही जे साठ आठशे बघत होतो ते काकांचं नव्हतं. मग काका स्वतः किती उरलेत? त्या खुळखुळाटावर आम्ही हसलो होतो, ते आठवून मला स्वतःची लाज वाटली.

अजित म्हणाला, "या कड्या त्यांना पिशवीत घालून न्यायच्या असणार. मी बाहेर उभा होतो म्हणून गडबडीत राहिल्या. श्रीखंड काय, संध्याकाळपर्यंत निम्मं उतरेल." म्हणजे पाच वाजता काका कमी भरणार. फोन केला तर बंद. प्रयोगाच्या दिवशी ते बंदच ठेवतात. मी कड्या पर्समध्ये टाकल्या आणि आम्ही तिघं निघालो.

थिएटरच्या दारात रखवालदारानं पर्स उघडायला लावली. कडी हातात घेऊन म्हणाला, "मैडम, ये क्या है?" माझ्या तोंडून निघून गेलं, "अंकल जी का वज़न." तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ढवण अंकल? पीछे से जाओ जी, जल्दी," आणि कडी परत दिली.

काका पडद्यामागे शिडीच्या पायरीवर बसले होते. एकटेच. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला सात मिनिटं कमी होती. मी पर्स उघडली. त्यांनी कड्या बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं, आणि हळूच जाकिटाची बटणं काढली. आत अस्तराला कप्पे शिवले होते. वेडेवाकडे टाके, पांढरा दोरा. पुरुषानं पहिल्यांदाच सुई धरलीय हे लांबून कळत होतं. तीन कप्पे रिकामे होते. त्यांनी तीन कड्या तीन कप्प्यांत घातल्या.

"एकूण किती?" मी विचारलं.

"वीस."

म्हणजे सहा किलो. म्हणजे काका पंचावन्नवर आले होते.

"सिमरनला धोका नाही," ते घाईनं म्हणाले. "एकसष्ट म्हणजे एकसष्ट. कुणाचे ते दोराला कळत नाही. मी मोजल्याशिवाय चढत नाही."

"धोक्याचं कोण विचारतंय? तुम्ही जेवत नाही का?"

"जेवतो की. तेवढंच जेवतो. मोजून करतो, मोजून खातो. एकट्याचं जेवण अंगी लागत नाही, सुजाता. मला वाटायचं, ही नुसती म्हणायची रीत आहे. पण मी मोजलंय. घरी सहा दिवस जेवलो तर काटा हलत नाही, उलट खालीच येतो. तुमच्याकडे एक वेळ जेवलो की सकाळी दोनशे टिकलेले असतात. दर वेळी. म्हणून काटा आणत होतो. मला खरं वाटत नव्हतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्यांचा रागही आला. हे सांगायला सहा महिने आणि तीन कड्या लागल्या. मी म्हणाले, "उद्यापासून रोज यायचं. काटा आणा, नाहीतर नका आणू." तेवढ्यात मॅडमनी हाक मारली आणि काका वजनाला गेले. एकसष्ट शंभर भरले. मॅडम म्हणाल्या, "वाह, अंकल जी." काका जाकिटाची बटणं लावत होते.

सिमरन कोपऱ्यात हातांना पावडर लावत होती. तिनं मला खुणेनं बोलावलं. "आंटी, आपको भी पता चल गया?"

मी म्हणाले, "तुझे मालूम है?"

"पहले दिन से. अंकल जी नीचे आते हैं तो छन-छन होती है. मैडम के कान बड़े तेज़ हैं. तो बल्ली भैया वहाँ ढोल बढ़ा देते हैं." तिनं हात झटकले. "अंकल जी को मत बताना. उन्हें लगता है किसी को नहीं पता."

आम्ही जाऊन बसलो. माती झाली, पाणी झालं, आग झाली. मग दिवे मंद झाले आणि सिमरन मधोमध येऊन उभी राहिली. याआधी दोनदा मी हे बघितलं होतं. दोन्ही वेळा वर जाणाऱ्या पोरीकडे बघत होते. या वेळी मी बल्लीकडे बघत होते. तो हलकेच वाजवत होता आणि त्याची नजर पडद्याच्या फटीकडे होती. सिमरनचे पाय जमिनीवरून सुटले त्याच क्षणी त्यानं दोन्ही काठ्या अशा काही चालवल्या की सगळं थिएटर त्या आवाजानं भरून गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या ढोलाखाली कुठेतरी वीस कड्या खुळखुळत खाली येत होत्या आणि एकालाही ऐकू आल्या नाहीत. ईरानं माझा हात धरला होता. ती पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "आई, काका उतरले असतील का नीट?"

काका नीट उतरले. शेवटी सगळे वाकून नमस्कार करायला आले, काका नेहमीप्रमाणे मागेच राहिले.

तेव्हापासून ते रोज संध्याकाळी येतात. मोटारीचा विषय मागे पडलाय. दर दहा-बारा दिवसांनी एक कडी आमच्या बाथरूमच्या खिडकीत राहते. आम्ही कुणी त्याबद्दल बोलत नाही. मी ती उचलून डब्यात टाकते. डब्यात आता तेरा आहेत, जाकिटात सात. बल्ली अजून त्याच जागी ढोल वाढवतो. सिमरन म्हणते, आता छन-छन जवळजवळ नसतेच, पण लोकांना तो तुकडा आवडतो.

परवा काका हात हलवत आले. पिशवी नाही, काटा नाही. "सेल गेला काट्याचा," म्हणाले. "आणायला झालं नाही." पण सवयीनं सोफ्याजवळच्या त्याच फरशीवर जाऊन उभे राहिले, चपला काढून, हात बाजूला सोडून. पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना.

मी भाकरी थापता थापता दारात आले. हात पिठाचे होते. काकांकडे खालून वर एकदा बघितलं आणि म्हणाले, "तीनशे कमी आहात. हात धुवून घ्या."

काका हळूच म्हणाले, "चुकलीस. साडेतीनशे."

म्हणजे सेल गेलेला नव्हता. घरून वजन करूनच निघाले होते. मी आत गेले आणि त्यांच्या ताटात एक भाकरी जास्त वाढली.